कोरड्या पायांची तपासणी

माझ्या नवऱ्याने जवाहरनगरच्या फॅक्टरीत तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढल्या आणि त्याबद्दल सरकारने त्यांना पगार दिला. तपासणी विभाग. घरी तेच काम ते फुकट करायचे. पोळीला पापुद्रे किती सुटले, नळ गळतो तर मिनिटाला किती थेंब, सगळं त्यांना ठाऊक. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून आम्ही शहापूरला स्वतःच्या घरात आलो. तिथे तपासण्यासारखं लवकरच काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच्या पायांकडे मोर्चा वळवला.

त्यांचं नाव नंदलाल. नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून कोणी नाक मुरडू नये. बोलताना मी 'अहो'च म्हणते, पण लिहिताना 'हे आले, हे गेले' केलं की वाचणाऱ्याच्या डोक्याचा भुगा होतो.

पायांना निमित्त झालं सायकलचं. हेमराजभाऊ म्हणून त्यांचे मित्र आहेत, फॅक्टरीच्या बसमध्ये पंचवीस वर्षं एकाच बाकावर बसलेले. दोघांनी मिळून डिसेंबरचा बेत ठरवला. शहापूरहून भंडारा, मोहाडी, तुमसर करत नाकाडोंगरी, तिथून पुढे कटंगी, बालाघाट आणि गोंदियावरून परत, चार दिवसांत, सायकलवर. दोघांची वयं मिळून सव्वाशे.

मला हसू आलं असतं, पण नंदलालना अकरा वर्षांपासून शुगर आहे. त्यांच्या थोरल्या भावालाही होती. भाऊजींना चप्पल लागली, अंगठ्याजवळ, हरभऱ्याच्या डाळीएवढी जखम. ती ओलीच राहिली, चिघळली आणि चार महिन्यांत पाय गुडघ्याखालून कापावा लागला. त्या घरात मी महिनाभर राहून आले आहे. म्हणून सायकल दारात आली त्याच दिवशी मी अट घातली.

"पाय कोरडे राह्यले पायजे आन गरम राह्यले पायजे. एक फोड जरी दिसला मले, तर सायकल भंगारवाल्याले देऊन टाकीन. मंग बोलजा नका काही."

"मंजूर," ते म्हणाले. इतक्या लवकर त्यांनी माझं काही मंजूर केल्याचं मला आठवत नाही.

नोव्हेंबर सरता सरता नदीकडून धुकं येऊ लागलं. दोघं पहाटे उजाडताना निघायचे, भंडाऱ्याच्या पुढे जाऊन आठ-साडेआठला परत. पाऊस नाही, रस्त्यावर पाणी नाही, तरी नंदलालचे मोजे ओले. झालं, तपासणी सुरू. ज्या काट्यावर मी लाडवाचा रवा मोजते त्यावर त्यांनी जाण्याआधी मोजे ठेवले आणि आल्यावर पुन्हा ठेवले.

"पंधरा ग्राम वाढले," ते म्हणाले. "हे पाणी आलं कुठून?"

"मोज्यालेच विचारा," मी म्हटलं. काटा घासून घेतला आणि फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो खाली होता.

त्याच दिवशी उजव्या पायात मोज्यावर प्लास्टिकची पिशवी बांधली, डाव्यात नाही. परत आल्यावर निकाल असा की झाकलेला मोजा उघड्यापेक्षा जास्त ओला. हेमराजभाऊ म्हणाले, पिशवीला भोक असेल. मग दोघा शहाण्यांनी पिशवीत पाणी भरून ती तुळशीजवळच्या तारेला अर्धा तास टांगली आणि खाली खुर्च्या टाकून बसले. एक थेंब पडला नाही. दोघांचे चेहरे असे, की कोणाच्या घरी चोरी झाली आणि कुलूप शाबूत आहे.

माझ्याच्याने राहवेना. "भातावर झाकण ठेवलं तर झाकणाले आतून पाणी सुटते," मी म्हटलं. "ते काय बाहेरून येते? तुमचाच घाम हाय तो. जायले जागा नाही म्हणून मोज्यात बसला."

नंदलालनी माझ्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने दोनदा पाहिलं असेल. पिशवी रद्द झाली. तिच्या जागी ट्रकच्या ट्यूबचा तुकडा कापून बुटाच्या पुढच्या अर्ध्या भागावर चढवला. वारा आणि धुकं समोरून अडेल, घाम मागून निघेल. पाणी कमी झालं, पण पूर्ण गेलं नाही. उरलेलं कुठून येतं, हा प्रश्न घरात दोन दिवस मुक्कामाला होता.

तोही मीच सोडवला. मी आंधळगावची, कोसा म्हणजे रानरेशीम विणणाऱ्यांच्या घरातली. धागा पाणी कसा पितो हे मला शिकवावं लागत नाही. लडीचं एक टोक बादलीत राहिलं तर सकाळपर्यंत दुसरं टोक ओलं होतं. नंदलाल पँट मोज्यात खोचायचे, साखळीत अडकू नये म्हणून. नडगीवर धुक्याचे थेंब जमायचे, मोज्याची वरची कड ते प्यायची आणि थेट बोटांपर्यंत पोचवायची. पँट मोज्यावर घेऊन वरून रबर लावायला सांगितलं. पंधराचे तीन ग्राम झाले. खरं सांगते, मला मजा येऊ लागली होती. सकाळी मीच दारात काटा घेऊन उभी असायची.

पण काही गोष्टींचा मेळ बसत नव्हता. पुण्याहून आमच्या रक्षाने बापासाठी लोकरीचे मोजे पाठवले, खास सायकलवाल्यांचे, मऊ आणि महाग. नंदलालनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि कपाटात ठेवून दिले.

"काहून?"

"काळे हायत," ते म्हणाले.

मोज्याचा रंग पाहून लग्न ठरवायचं होतं की काय, देव जाणे. मग एके दिवशी त्यांच्या सायकलच्या पुढच्या पिशवीत पंक्चरच्या सामानाखाली मला आरसा सापडला. दाढीचा, गोल, रुमालात गुंडाळलेला. वयाच्या बासष्टीत, सकाळच्या प्रहरी, धुक्यात आरसा. माझ्या मनात पाल चुकचुकली. पण विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो.

आणि त्याच आठवड्यात, जेवताना, ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "शोभा, कोशाचे मोजे विणता येतीन काय तुले?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या माहेरी कोशाच्या कापडाला चुकून पाय लागला तर हात लावून कपाळाला लावतात. कोशाचं धोतर नेसून माझे वडील पूजेला बसायचे आणि उठले की ते उंच दोरीवर काठीने टाकायचे, कोणाची सावलीही नको. आणि हे त्याचे मोजे करायला निघाले.

"लोकरीचे पडले हायत ना कपाटात. ते कायले नाही चालत?"

"कोसा ओला झाला तरी गरम राह्यते."

"लोकरही राह्यते. दुसरं कारण सांगा."

त्यांनी भात कालवायला घेतला. कारण असून न सांगणारा माणूस मला भिंतीपेक्षा जास्त चीड आणतो. मी भांडी आपटत उठले.

दोन दिवसांनी हेमराजभाऊ सासुरवाडीला गेले आणि नंदलाल एकटेच निघाले. मी माझ्या वहिनीला, केशरबाईला, आंधळगावला फोन लावला. तिला आरशाचं सांगितलं. ती धागा काढत बसली होती. म्हणाली, "मले कायले विचारता बाई? स्कूटी हाय ना घरी? जाऊन पाहा."

गेले. धुकं असं, की दहा हातांपलीकडची म्हैस दिसू नये. कालव्याच्या पुलापाशी त्यांची सायकल कठड्याला टेकलेली दिसली तशी मी स्कूटी लांब उभी केली आणि पायी निघाले. आजूबाजूला कोणी नव्हतं. नंदलाल कठड्यावर बसले होते. डावा पाय उजव्या मांडीवर घेतलेला, बूट-मोजा काढलेला, आणि आरसा तळपायाखाली धरून ते खाली वाकून पाहत होते. मला इतकं हायसं वाटलं की हसणारच होते.

मग टाच दिसली. टाचेवर फोड आलेला आणि फुटलेला, रुपयाएवढं लाल मांस उघडं पडलेलं. नंदलालनी बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं. डिसेंबरचं गार पाणी, उघड्या जखमेवर. त्यांचा चेहरा हलला नाही. ते फक्त आरशात पाहत होते, दुसऱ्या कोणाचा पाय असल्यासारखे.

"दुखत नाही?" मी मागून विचारलं.

ते दचकले, पण आरसा सोडला नाही. म्हणाले, "नाही. काहीच लागत नाही."

"कवापासून?"

"दोन दिवाळ्या झाल्या. पयले अंगठा गेला, मंग बोटं, मंग तळवा. चप्पल निंघून पडते आन मी तसाच चालत राह्यतो. ओलं हाय का कोरडं, गरम का थंड, आतून काही समजत नाही. म्हणून काटा. म्हणून आरसा."

"आन कोसा?"

"काळ्या मोज्यात काही दिसत नाही, शोभा. कोशाचा रंग कसा राह्यते, बदामी. तुह्या घरी मी पाह्यलं हाय, पाण्याचा एक थेंब पडला की तेवढाच गडद होते. रक्त आलं तर तेही दिसन. पायानं सांगणं बंद केलं. आता डोळ्यालेच विचारा लागते."

"मले काहून नाही सांगतलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आरसा रुमालात गुंडाळू लागले. उत्तर मला माहीत होतं. भंगारवाल्याची अट मीच घातली होती. भाऊजींच्या पायाला भिऊन घातलेल्या त्या अटीने माझ्याच नवऱ्याला फुटलेला फोड घेऊन धुक्यात एकटं बसवलं होतं. मला माझाच राग आला आणि तो काढायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी त्यांच्यावरच ओरडले. ते ऐकून घेत बसले. मग मी माझी ओढणी फाडून टाच बांधली.

भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि नायलॉनचा एक बारीक धागा पायाला दहा ठिकाणी टेकवला. लागलं की हो म्हणायचं. उजव्या पायावर ते दोनदा हो म्हणाले, डाव्यावर तीनदा. त्यातला एक हो बाईंनी धागा टेकवलेलाच नसताना आला होता. मी तिथेच उभी होते. त्यांनी डोळे उघडून मला विचारलं, "किती बरोबर आले?" आणि मला खोटं बोलता आलं नाही.

सायकलचं मीच विचारलं. बाई म्हणाल्या, जखम पूर्ण भरू द्या, मग चालेल. बूट एक नंबर मोठा घ्या, शिवण आतून नको. जिथे थांबाल तिथे पाय पाहा. आणि थंडी कितीही असो, शेकोटीला किंवा गरम पाण्याला पाय लावायचा नाही. भाजलं तरी यांना कळणार नाही. डिसेंबरचा बेत जानेवारीच्या शेवटावर गेला.

मी आंधळगावला गेले. केशरबाई नेहमीच्या जागी, लुगडं मांडीपर्यंत सारून बसली होती, समोर उकडलेले कोसे, आणि मांडीवर तळहाताने घासून धागा वळत होती. आमच्याकडे बायका असाच धागा काढतात. तिच्या मांडीवर त्या जागी केस उगवायचे थांबले आहेत. मी मोज्याचं सांगितलं आणि वाट पाहिली की ही आता कानावर हात ठेवते.

तिने हात थांबवला नाही. "धागा निंघते माह्या मांडीवर," ती म्हणाली. "कापड विणताना मागाच्या पावड्या दाबतो आपण पायानं. पायाचं नाही त्यात कोणतं, सांगा. देवाले चालते ते आमच्या जावयाच्या टाचेले काहून नाही चालन?" मग फुलपाखरू फोडून निघून गेलेल्या कोशांचा कातलेला जाड धागा तिने मला दिला, तीन लडी. तो मऊ असतो आणि जास्त गरम. निघताना मात्र मला बजावलं, "आईच्या फोटोपुढं ठेवून मंग विणजा." मी ठेवला. भीड होती ती होतीच.

चार सुयांवर मी दोन जोड विणले, गोल, कुठेही शिवण न घेता. एक टाच तीनदा उसवली. नंदलाल समोर बसून टाके मोजायचे आणि चुकलेला दाखवायचे, आणि या वेळी मी त्यांना हाकललं नाही.

ठरलं ते असं. नाकाडोंगरीपर्यंत मी स्कूटीवर मागे येणार. तिथे पाय पाहणार. एवढीशी लाली दिसली तरी दोघंही बसने परत. पाय चांगले असले तर ते पुढे जाणार आणि मी घरी परतणार. नंदलाल 'मंजूर' म्हणाले, पण या वेळी विचार करून.

जानेवारीच्या त्या सकाळी गारठा असा होता की मोहाडीपर्यंत माझेच दात वाजत होते. दर दहा किलोमीटरला थांबायचं, बूट काढायचा, पाहायचं. मोहाडीला मोजे बदामी. तुमसरला उजव्या पायाच्या बोटांपाशी बोराएवढा गडद डाग, घाम. लगेच दुसरा जोड चढवला, पहिला स्कूटीच्या आरशाला बांधून वाळवला. लोक पाहत होते. एकाने विचारलं, बाई, कोशाचे हायत काय? मी म्हटलं, हाव, कोशाचेच. हेमराजभाऊ रस्ताभर चिडवत होते की नंदलालचे पाय आता नवरदेवासारखे मिरवत चालले आहेत.

नाकाडोंगरीला दुपार कलली होती. जंगलाकडून गार वारा सुटला होता. हेमराजभाऊंच्या साडूंचं घर रस्त्याला लागून. त्यांनी अंगणात शेकोटी केली होती आणि हेमराजभाऊ तिकडे पाय पसरून बसले. मी नंदलालना लांब, भिंतीशी, खाटेवर बसवलं. दोन्ही मोजे काढले. बदामी, कुठे डाग नाही. आरशाची गरज नव्हती, मी होते. टाच पाहिली, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, तळवे पाहिले. लाली नाही, फोड नाही. मी दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि तळहातांनी झाकले.

"कोरडे हायत," मी म्हटलं. "पास."

"आन गरम हायत काय?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना जरा चिडवायच्या मूडमध्ये होते. "हात लावून पाहा ना तुमचा. सगळं मीच सांगू काय?"

त्यांनी हात पुढे केला, आपल्या पायावर ठेवला आणि तसाच ठेवून बसले. फॅक्टरीतही असेच बसत असतील, खात्री होईपर्यंत सही न करता. मग हात माझ्या हातावर ठेवला. परत पायावर ठेवला.

"सारखंच लागते," ते म्हणाले.

"म्हणजे पायही गरम हाय."

"नाही. सारखंच लागते, म्हणजे काहीच नाही लागत." आवाज खाली आणला. "बोटाच्या टोकानं सुरू झालं, दिवाळीपासून. ब्रेक दाबतो मी, ताकद हाय. फक्त समजत नाही. तुले सांगाचंच होतं. घरी गेल्यावर सांगणार होतो, पण तू आता विचारलं."

शेकोटीकडून हेमराजभाऊंनी चहाला हाक मारली. बोलायला गेले असते तर रडले असते, आणि परक्याच्या अंगणात रडायला मला आवडत नाही. ओलं की कोरडं ते डोळे सांगतील, कोशाचा रंग सांगेल. गरम काय आहे ते मात्र कोणत्याच रंगात दिसत नाही. मी त्यांचा हात उचलला आणि तळवा माझ्या गालाला लावला.

"आता?"

त्यांनी डोळे मिटले. "मधात," ते म्हणाले. "तळव्याच्या मधोमध थोडं गरम लागते."

मी त्यांना मोजे चढवले, बूट घातले, नाड्या बांधल्या. मग शेकोटीपाशी गेले, चहाचा कप घेतला आणि हेमराजभाऊंना विचारलं, कटंगीच्या रस्त्याला पेट्रोल कुठं भेटते.